साडूंनी खणलेला खड्डा

आमच्या मोठ्या साडूंइतका लाडका जावई अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झालेला नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. वीस वर्षं जळून जळून बनलेलं मत आहे. मी चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवतो, विद्युतधारेचा धडा मला तोंडपाठ आहे. साडू खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होते आणि दहावीशी त्यांचं काही जमलं नव्हतं. तरी अमडापूरला सासुरवाडीत मी एकटा गेलो, की सासूबाई माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहत विचारतात, "मोठे जवाई नाही आले?" मी समोर उभा असतो, हातात मिठाईचा पुडा असतो, पण त्याचं कुणाला काय!

लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, साडू टेस्टर लावतात. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला नंतर, आधी न्हाणीघर. नळाला टेस्टर टेकवायचा, आतला दिवा लागत नाही हे डोळे बारीक करून पाहायचं आणि मगच हातपाय धुवायचे. शेगावला दर्शनाला गेलो तेव्हा लॉजमधले सगळे नळ आणि गिझर त्यांनी असे तपासले. मॅनेजरने त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला. मी त्याच मॅनेजरकडे दोनदा टॉवेल मागितला होता. पिंपळगाव राजाच्या एका लग्नात तर त्यांनी भर मे महिन्यात वरपक्षासमोरचा कूलर बंद केला. नवरदेवाचे मामा तावातावाने उठले, तेव्हा साडूंनी कूलर पुन्हा सुरू केला आणि पत्र्याला टेस्टर लावून लागलेला दिवा दाखवला. पंगतीत त्याच मामांनी त्यांना आग्रह करकरून जिलबी वाढली. मला माझ्या स्वतःच्या लग्नात इतका आग्रह झाला नव्हता.

घरात काहीही निघालं की बायकोचं एकच वाक्य, "भाऊजींले विचारा." म्हणून गेल्या वर्षी आमचे गंजलेले लोखंडी पाइप बदलायचे ठरवले तेव्हा मी मुद्दाम विचारलं नाही. प्लंबर आणला, रस्त्यापासून घरापर्यंत सगळा प्लास्टिकचा पाइप टाकून घेतला. न्हाणीघराच्या भिंतीतलं लोखंड तेवढं ठेवलं, फरशा कोण फोडणार! पाण्याची धार मनगटाएवढी झाली. साडूंवाचून झाली, याचा आनंद धारेहून मोठा होता.

आठवड्याने बायको म्हणाली, "नळाले हात लावला की झिणझिण होऊन राह्यलं." मी, विज्ञानाचा मास्तर, म्हणालो, "थंडीचे दिवस आहेत, रक्ताभिसरण कमी होतं." तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातून किंकाळी आली. बादली कलंडलेली, बायको भिंतीला टेकून हात छातीशी धरून बसलेली, ओठ पांढरेफटक. मी ज्यांना टाळलं होतं त्यांनाच फोन लावला. तिकडून पहिलं वाक्य आलं, "पहिले मेन स्विच पाडा, मंग बोला."

मिळेल त्या एसटीने साडू दुपारी हजर झाले. नळ पाहिला, मीटर पाहिला, आणि अर्ध्या तासात मला माझाच धडा शिकवला. जुन्या काळी कुणीतरी आमच्या घराची अर्थिंगची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधून ठेवली होती. तो पाइप जमिनीत होता तोवर चुकार करंट त्यातून मातीत जात होता. मी मध्ये प्लास्टिक घातलं आणि त्याची वाट बंद केली. मग फ्रिजमधून गळणारा करंट त्याच वायरीने नळात येऊन बसला. साडूंनी फ्रिज दुरुस्तीला काढला, अंगणात खड्डा खणला, त्यात धातूची पट्टी, कोळसा आणि मीठ घालून नवं अर्थिंग केलं. भिंतीतल्या लोखंडाला क्लॅम्प लावून हिरव्या वायरने तेही त्याला जोडलं. "लोखंड जेवढं उरलं तेवढं एकमेकाले बांधून ठेवा लागते, भाऊ. सुटं राह्यलं की चावते."

बायकोला मात्र म्हणाले, "भाऊची काही चूक नाही. जुन्या वायरमनचं काम हाये हे." माझा आणखी जळफळाट झाला, या माणसाने मला बोलणी खायची सोयसुद्धा ठेवली नाही. निघताना नळाला टेस्टर लावून हात धुतले आणि माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाले, "मले काऊन नाही विचारलं ते समजलं मले. माह्यावर जळा खुशाल. पण नळ बदलाल तं फोन करत जा." मी टॉवेल पुढे केला.

आता साडू पुण्याला मुलाकडे राहायला गेले आहेत. अकराव्या मजल्यावर फ्लॅट, खणायला अंगण नाही. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडू द्यायचा नसतो. तुळशीला बायको पाणी घालते आणि खड्ड्याला मी. ती घालायला गेली तर तिच्या हातून तांब्या काढून घेतो. रविवारी त्यांचा फोन येतो. माझी तब्येत नंतर, आधी, "खड्ड्याले पाणी घातलं का, भाऊ?"

परवा अमडापूरला गेलो होतो. सासूबाई दारात आल्या आणि सवयीने माझ्या खांद्यावरून मागे पाहू लागल्या. एरवी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. या वेळी मीही मागे वळून पाहिलं.