दीड खोली आणि बंगला

गावी गेले की बायका आधी माझ्या गालाला हात लावून बघतात. "लय गोरी झालीस गं," म्हणतात. मग हमखास विचारतात, "तुमाला तितं फ्रिज लागत नसंल न्हवं?" मी सांगते, लागतो. "आन बर्फ?" बर्फ पडतो, पण आमच्या गल्लीत पडला की तासाभरात त्याचा काळा चिखल होतो आणि त्यावरून घसरून कोणी ना कोणी आपटतं. एवढं ऐकायला कोणी थांबत नाही. त्यांच्या डोक्यात पडद्यावरचा हिमालय बसलाय, पांढराशुभ्र, शिफॉनच्या साडीतल्या बाईसकट. मीही आता समजावण्याच्या भानगडीत पडत नाही.

आमचं गाव विट्याच्या जवळ. इकडची माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. गलाई म्हणजे सराफांकडचं जुनं सोनं भट्टीत वितळवून शुद्ध करून देणं. जिथं सराफ आहे, तिथं मागच्या एखाद्या बोळात भट्टी पेटवून बसलेला आमच्याकडचा माणूस सापडतोच. कोणाच्या नशिबी कोइमतूर आलं, कोणाच्या गुवाहाटी, आमच्या मालकांच्या नशिबी हिमालय. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मैत्रिणी जळून खाक झाल्या होत्या. थंड हवेच्या ठिकाणी लोक हनिमूनला जातात, ही तर कायमचीच निघाली म्हणून.

कायमची आले ती दीड खोलीत. खाली भट्टीचं दुकान, वर आम्ही. त्यातल्या अर्ध्या खोलीत उभं राहून स्वयंपाक करता येतो, पण वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागतं. ऊन पाहुण्यासारखं येतं, टेकतं आणि चहाला न थांबता जातं. हिमशिखरं सुरुवातीला गच्चीवरच्या टाकीवर चढलं की दिसायची. मग समोरच्या हॉटेलनं एक मजला वाढवला. आता त्या हॉटेलातले लोक शिखरं बघतात आणि आम्ही त्यांचे वाळत घातलेले टॉवेल बघतो.

पाण्याचं तर विचारूच नका. मी दुष्काळी भागातली मुलगी, माझं बालपण टँकरमागं कळशी घेऊन पळण्यात गेलं. हिमालयात मोठमोठ्या नद्या उगम पावतात असं भूगोलात शिकले होते. पावतात ना, पण खाली दरीत. वर आम्ही टँकरची वाट बघत बसतो. उन्हाळ्यात सीझन लागला, की टँकर आधी हॉटेलांकडं वळतो आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी बादल्यांची रांग लागते. पहिल्यांदा त्या रांगेत उभी राहिले तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं होतं.

हे सगळं मी हसत सोसलं, कारण गावाकडं आमचा बंगला होता. गलाईवाल्यांची ही रीतच आहे. राहायचं परमुलखात, खुराड्यात, आणि बंगला बांधायचा गावात, तोही शेजारच्यापेक्षा एक मजला जास्त. आमचाही दोन मजली आहे. पूर्वेला खिडकी असलेलं मोठं स्वयंपाकघर, काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, निळ्या वेलींच्या फरश्या. त्या फरश्या मी आणि माझ्या मुलीनं फोनवरच्या व्हिडिओत बघून पसंत केल्या. मुलगी एकुलती एक, बेंगळुरूला नोकरीला आहे. एक फरशी जरा वाकडी बसली आहे, तीही मी फोनवरच हेरली. आणखी तीन-चार वर्षं भट्टी चालवायची आणि मग त्या ओट्याशी ऐसपैस उभं राहून थालीपीठ थापायचं, एवढं एकच स्वप्न मी त्या दीड खोलीत उशाशी घेऊन झोपत आले.

तोवर बंगल्यात आत्याबाई होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी गेल्यापासून त्या तिथं एकट्याच. रोज फोनवर सगळं ठीक असल्याचं सांगायच्या. मग गेल्या वर्षी, मार्च संपता संपता, त्या न्हाणीत घसरल्या. "जराशी घसरली, काय न्हाई झालं," असं फोनवर म्हणाल्या, पण मनगट मोडलं होतं. मालक गेले आणि प्लास्टर घातलेल्या आईला घेऊन आले. "महिनाभरासाठी," असं मला म्हणाले. मी मनात म्हटलं, महिना कसला, आठ दिवसांत कंटाळतील. सहा खोल्यांची मालकीण ती, आमच्या दीड खोलीत कशी मावणार!

गाडीतून उतरल्या त्याच मुळी कोंडीत. वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडून गाड्या अडकलेल्या, हॉर्नचा कल्ला, खेचरवाला ओरडतोय, मोमोवाल्याची वाफ तोंडावर. आत्याबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहून बघतच राहिल्या. म्हणाल्या, "लय माणसं हायती गं हितं!"

"म्हणूनच म्हणत होते मी, तुम्हाला झेपायचं नाही," मी लगेच म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुकानाच्या पायरीवर ठाण मांडलं. तिथं बसायला कारण होतं. आतल्या भट्टीची ऊब पाठीला लागायची. थंडीच्या गावात सगळ्यात उबदार जागा कुठली, तर गलाईवाल्याची पायरी, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी आपली वर गोधडीत कुडकुडत होते. आत्याबाईंच्या मागोमाग दुकानाच्या मागच्या खोलीत राहणारी पहाडी घरमालकीण आपलं विणकाम घेऊन पायरीवर येऊन बसली. मग समोरच्या शिंप्याची आई आली. आत्याबाईंना हिंदी येत नाही, त्या दोघींना मराठी येत नाही, आणि तिघी दिवसभर बोलायच्या. विषय काय असायचे ते मी कान देऊन ऐकलं आहे. गुडघे, सुना आणि दुधाचा भाव. यांना भाषा लागते कशाला!

मेमध्ये सीझन लागला. खाली सपाटीवर उन्हाचा वणवा पेटला, की सगळा देश थंड हवा खायला वर येतो. मग इथं हवा सोडून सगळं मिळतं. गाड्या गल्लीच्या तोंडाशी तासन्तास खोळंबायच्या, आणि आत्याबाई पायरीवरून एकेका गाडीची चौकशी करायच्या. पोरं किती, लग्न झालं का, हे बाळ का रडतंय. एका बाळाला तर त्यांनी खिडकीतून बाहेर घेऊन, पायावर आडवं टाकून पोट चोळून दिलं, आणि त्या घाबरलेल्या आईबापांनी जाताना आत्याबाईंच्या पाया पडून फोटो काढला. गल्लीत त्या आता अम्माजी झाल्या होत्या. मी इतकी वर्षं राहून 'गलाईवाले की घरवाली'च.

त्यात गावाकडचे पाहुणे. हिमालयात आपलं माणूस आहे म्हटल्यावर लॉजचा खर्च कोण करणार? आत्याबाईंच्या भाच्याचं अख्खं कुटुंब येऊन पडलं. इतकी माणसं त्या खोलीत झोपली की मध्येच कूस बदलायची तर आधी शेजाऱ्याला सांगावं लागायचं. मला मनातून बरं वाटत होतं. म्हटलं, आता तरी या कावतील. सकाळी आत्याबाई उठल्या त्या हसतच. "काय झ्याक झोप लागली गं," म्हणाल्या.

महिना होऊन गेला, प्लास्टर निघालं, पण जायचं नाव नाही. मग मी खडे टाकायला सुरुवात केली. "आत्याबाई, बंगल्यात जाळीजळमटं झाली असतील." त्या म्हणायच्या, "व्हय, झाली आसतील." "तुळस वाळली असेल हो." "वाळली आसंल." "बंद घर बघून चोर शिरतात म्हणे." यावर त्या म्हणाल्या, "शिरू दे की. तेवडंच कुनी तरी आलं म्हनायचं." आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या. मला इतका राग आला की त्या दिवशी मी आमटीत मुद्दाम तिखट जास्त टाकलं. त्यांनी दोनदा मागून घेतली.

तुम्ही म्हणाल, म्हातारी सासू चार दिवस राहिली तर हिच्या पोटात का दुखतं? दुखत होतं ते बंगल्यासाठी. आत्याबाई तिथं आहेत तोवर त्या घरात चूल पेटते आहे, म्हणजे आमचं परत जाणं अजून खरं आहे, असा माझा हिशेब होता. त्या इथंच राहिल्या तर बंगल्याला कुलूप. आणि आमच्याकडच्या बंगल्यांचं मला माहीत आहे, एकदा कुलूप लागलं की लागलं.

दसऱ्याला आम्ही तिघं गावी गेलो. आत्याबाईंना तिथं ठेवून परतायचं, असं मी ठरवलं होतं. मालकांनी नेहमीप्रमाणे मान हलवली होती. ती होकाराची होती की मान अवघडल्याची, हे लग्नापासून मला कळलेलं नाही.

दसऱ्याला आमच्या गावाची शोभा बघावी. सगळीकडून गलाईवाले येतात. एकेका बंगल्याला रोषणाई, दारात परराज्याची पाटी असलेली गाडी, मटणाचा वास, माणसांनी माड्या भरलेल्या. मी माझ्या ओट्याशी उभी राहून थालीपीठं थापली. पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट परातीत पडत होतं. इतकी सुखी मी त्या वर्षात दुसऱ्या कुठल्याच दिवशी नव्हते.

मग सण सरला. सकाळी एक गाडी गेली, दुपारी दोन गेल्या. दुसऱ्या दिवशी डावीकडचा बंगला बंद, मग उजवीकडचा, मग समोरचे दोन्ही. आमचं निघणं सर्वांत शेवटी होतं. मी अंगणात उभी राहिले तर कुठंच काही हलत नव्हतं. एवढे मोठे दरवाजे आणि सगळ्यांवर कुलपं. घरात येऊन मी मालकांना हाक मारली, तर माझीच हाक जिन्यावरून फिरून परत आली.

आत्याबाई आपली पिशवी भरून दारात बसल्या होत्या.

"आत्याबाई, हे काय?"

"मी बी येती की."

"अहो, पण घर?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग शांतपणे, बाजारहाटाचं सांगावं तसं सांगितलं. "पडली तवा सकाळ हुती. उठायाच यीना. वराडली. डाव्या बाजूला वराडली, उजव्या बाजूला वराडली. कोन हाय ऐकाया? उनं डोक्यावर आली तवा माणदेशातला एक मेंढका मेंढरं घिऊन चालला हुता, त्येच्या कुत्र्यानं ऐकलं. कुत्रं भुकाया लागलं म्हनून त्यो आत आला."

"आम्हाला कधी बोलला नाहीत."

"बोलून काय करनार हुतीस तू हिमालयातनं?"

मला माझीच लाज वाटली. तरी तोंडातून निघालंच, "तीन-चार वर्षांची तर गोष्ट होती. मग आम्ही येणारच होतो कायमचे."

"या की. लय चांगलं घर हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आन आमा म्हाताऱ्यांच्या मागनं तुज्यासंगं कोन ऱ्हानार हितं? तुजी लेक यीनार हाय बेंगळुरू सोडून?"

त्यांनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद आहे का बघायला गेले, असं मीच मला सांगितलं. ओटा लख्ख होता. खिडकीतून ऊन येत होतं. ती वाकडी फरशी होती तिथं होती. त्या घराची मला पहिल्यांदाच भीती वाटली. मग मी खिडकी लावली, बाहेर आले आणि कुलूप घातलं. मालकांनी ते ओढून बघितलं. किल्ली त्यांनी आत्याबाईंपुढं धरली, त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

या मेमध्ये पुन्हा सीझन लागला. परवाच्या कोंडीत पुण्याकडची एक गाडी आमच्या पायरीसमोर अडकली. आतली बाई घामाघूम होऊन खाली उतरली. आत्याबाईंचं मराठी ऐकून तिला धीर आला. "काय हो आजी, केवढी ही गर्दी!" ती म्हणाली. "आम्ही जरा शांततेसाठी म्हणून एवढ्या लांब आलो होतो."

"शांतता व्हय?" आत्याबाई सरकून तिला पायरीवर जागा करत म्हणाल्या. "तुमी चुकीकडं आला बाई. विट्याला जावा. आमचा दोन मजली बंगला हाय, शांततेनं भरल्याला. किल्ली हिच्याकडं हाय."

ती बाई हसली, घरमालकीण काहीच न कळून हसली. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या खरंच वाट बघत होत्या, मी किल्ली आणून देते का म्हणून.