बाबांनी लिहिलेला माझा अर्ज

संशोधनासाठीचा माझा पहिला अर्ज बाबांनी लिहिला. आज मी हे हसत सांगते, तेव्हा मात्र रडकुंडीला आले होते.

आम्ही दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. तिथल्याच एका संशोधन केंद्रात उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना दोन महिने काम करायला मिळायचं. तारे आपल्या पोटात कार्बन, ऑक्सिजन कसे घडवतात, त्याचे प्रयोग आणि कॉम्प्युटरवरची गणितं. मला तिथे जायचंच होतं. पण इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की माझं घोडं अडायचं. बाबा म्हणाले, "ड्राफ्ट मी करतो."

आणि केला तरी कसा! नऊ क्रमांकित परिच्छेद, शेवटी 'कृपया विचारार्थ सादर'. वर दम भरला, "डायरेक्ट ईमेल करायचा नाही. थ्रू प्रॉपर चॅनल गेलं पाहिजे." झालं! अर्ज माझ्या कॉलेजच्या विभागप्रमुखांकडून प्राचार्यांच्या टेबलावर जाऊन बसला. सही होऊन परत आला तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. मी इतकी भडकले की दोन दिवस बाबांशी बोललेच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी हाफ डे टाकला. "चल, जाऊन भेटू या."

केंद्रात विद्यार्थी निवडणाऱ्या मॅडमनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. निवडलेला एक मुलगा येत नव्हता, एक जागा रिकामी होती. मग त्यांनी हिंदीत विचारलं, "तू लिहिलंयस, कार्बनवर हेलियम आदळून ऑक्सिजन होतो, त्याचा वेग तुला मोजायचाय. प्रयोगशाळेत तो मोजणं इतकं अवघड का?"

मी बाबांकडे पाहिलं. आणि बाबा सुरू! "मॅडम, तारे के अंदर जिस एनर्जी पर ये होता है, उस पर रिअॅक्शन होने का चान्स ना के बराबर है, इसलिए..." अरे देवा! ड्राफ्टसाठी हे अख्खा विषय वाचून बसले होते!

मॅडम खळखळून हसल्या. "तो फिर इन्हीं को रख लूँ?"

माझे कान तापले. जागा गेली तर गेली, म्हटलं. "अर्ज बाबांनी लिहिलाय मॅडम. मला उत्तर येत नाही."

त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "अब तुम लिखो. यहीं बैठकर."

मी हिंदीतच तीन ओळी खरडल्या. या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. प्रोग्रॅम लिहिता येतात. उत्तर शोधायला यायचं आहे. मॅडमनी त्याखाली 'सोमवार, सकाळी नऊ' लिहून सही केली आणि गेटवर दाखवायला कागद परत दिला.

मी ऑटोत नुसती बडबडत होते. बाबांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला. इतक्या वर्षांच्या नोकरीत 'मला येत नाही' असं त्यांनी एकाही फाइलवर लिहिलं नव्हतं.

"असं लिहून चालतं?" त्यांनी हळूच विचारलं.