मोराला पाजलेलं पाणी

शालिनीताईंची आणि माझी ओळख औरंगपुऱ्यातल्या आमच्या शाळेत झाली. मी सातवीला कविता शिकवत होतो आणि संशोधनाच्या कामासाठी आलेल्या त्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. तास सुटल्यावर म्हणाल्या, "सर, मुलांनी मिळून कविता रचली तर त्यांच्यात काय बदलतं हो?" आयुष्य कवितेत काढूनही मला हा प्रश्न पडला नव्हता. पुढं त्यानं मला स्वस्थ बसू दिलं नाही, आणि मीही ताईंच्या कामात हातभार लावू लागलो.

कलावंत आणि रहिवासी मिळून चित्र, गाणं, नाटक घडवतात, तेव्हा वस्तीवर काय परिणाम होतो, हा ताईंच्या संशोधनाचा विषय. वाळूजकडं कारखाने वाढत होते, शहराच्या कडेला नव्या वस्त्या वसत होत्या, आणि वरून दुष्काळ. तशाच एका वस्तीत ताईंनी सगळ्यांसोबत लांबलचक भिंत रंगवायला घेतली. तिच्यावरचे मोर बघताना मला शाळेतल्या जुन्या कविता आठवत. कसं वाटतं विचारलं, की लोक म्हणत, "लई भारी!" आम्ही खूश. ताई मात्र बेचैन. "पाहुण्याला कोण कडू सांगतं, सर?" असं म्हणत त्या हंडा घेऊन टँकरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

तिथं वस्तीतल्या कडूबाई बोलल्या, "रंग कालवायला रोज हंडाभर पानी जातंय, बाई. तुमचा मोर पानी पितोय अन् आमची लेकरं बघायलीत."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी लई मन लावून रंगवायलात. वाईट वाटंल म्हनून."

भिंत त्याच दिवशी थांबली. पण कामाला पैसे देणाऱ्यांसाठी अहवाल लिहायचा होता, आणि यश दिसलं तरच पुढच्या वस्त्यांतलं काम मिळणार होतं. एक सहकारी म्हणाले, "ताई, पाण्याचा भाग गाळू या."

"मग उरलेल्यावर तुमचा तरी विश्वास बसेल का?"

अहवाल पाण्यासकट गेला. पुढचं काम हातचं गेलं.

काही दिवसांनी कडूबाईच आल्या. "आमी रांगंत नाटक बसवलंय, टँकरवालं. त्याला पानी लागत नाय. बघाया या, अन् मधी बोलू नका!" ताई मधे बोलल्याच. "गप बसा की वो बाई!" असा दम मिळाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू फुटलं, ते मी एरवी कधी पाहिलं नाही.

माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा याच ताई रोज येऊन मला कविता वाचून दाखवत. चाल हमखास चुकवत, पण खाडा नाही.

आज त्या वस्तीच्या जागी इमारती आहेत, माणसं पांगली आहेत. पंच्याहत्तरीतल्या ताई अजून एकेकाला शोधत फिरतात. त्या नाटकातलं कुणाजवळ काय उरलं, ते त्यांना कळायचंय. 'आता विसावा घ्या' म्हणायची माझी छाती नाही. ताईंना शंभर वर्षांचं आयुष्य आणि धडधाकट गुडघे मिळोत, आणि तोंडावर खरं बोलणारी माणसं त्यांना दारोदारी भेटोत.