सासूबाईंचा मुक्काम आणि बॉयलरचं बीपी

डॉ. गुरुनाथ हसबनीस ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता. ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या उशाशी बसून काटे, आकडे आणि रेषा बघत राहायचं, हे त्याचं काम. त्यामुळेच असेल, पण ज्या वस्तूला काटा आहे ती वस्तू आपल्याला कळते असा त्याचा ठाम समज होता. हिल्सबरोचं घरही त्याने पसंत केलं ते लाँड्रीतल्या भिंतीवरचा बॉयलर बघून. ओळखीच्यांच्या घरी एकच हीटर या खोलीतून त्या खोलीत ओढत न्यायचा. आणि इथे गॅसवर पाणी तापणार, पाइपांतून सहा खोल्यांतल्या सहा रेडिएटरांत फिरणार, गार होऊन परत बॉयलरकडे येणार.

"अगं, हे तर हृदय आणि रक्ताभिसरण!" तो हरखून म्हणाला.

बायको वसुंधरा तेव्हा स्वयंपाकघरातला वीतभर ओटा बघत उभी होती. पण हृदयापुढे ओट्याचं कोण ऐकतो!

घर विकणारे हेंक आजोबा मूळचे डच. इथली माणसं थंडीत घरातल्या घरात लोकरीच्या टोप्या घालून बसतात हे त्यांना तीस वर्षं पटलं नाही, म्हणून हा सगळा पसारा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला होता. जाताना त्यांनी गुरुनाथच्या हातावर बोटाएवढी पितळी किल्ली ठेवली. रेडिएटरात हवा अडकली की तो गुडगुडतो आणि वरून गार राहतो. मग या किल्लीने कडेचा स्क्रू जरा सैल करून हवा सोडायची. "काही अडलं तर फोन कर," असंही म्हणाले. गुरुनाथ नुसता हसला. त्याला कसलं अडतंय!

ही गोष्ट शहाण्णव सालच्या फेब्रुवारीतली, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यातली. जुलै उजाडला आणि अडलं.

जुलै महत्त्वाचा होता तो वसुंधरेसाठी. पुण्याची बी.फार्म., आठ वर्षं काउंटरवर काढलेली. पण इथे औषधाच्या दुकानात उभं राहायचं तर रजिस्ट्रेशनची परीक्षा हवी. ती तीन आठवड्यांवर आली होती. तीन वर्षांची ऋग्वेदा आईला पुस्तक उघडू देईना, म्हणून वसुंधरेने सोलापूरहून आपल्या आईला बोलावून घेतलं. सोलापूरच्या उन्हात जन्म काढलेली ती बाई! तिसऱ्या दिवशी बॉयलर बंद पडला. चौथ्या दिवशी आजी दोन स्वेटर, एक शाल आणि माकडटोपी घालून दारातल्या गाडीत जाऊन बसली. गाडीचा हीटर लावून, मांडीवर ताट घेऊन ती लसूण सोलत होती. पलीकडच्या बाईंना वाटलं, म्हातारीला घरातून काढलंय. त्या बिचाऱ्या काचेवर टकटक करून चहाचा मग देऊन गेल्या.

आणि सिडनीहून वसुंधरेचा भाऊ अनिरुद्ध फोनवर सांगत होता, "आई, इकडे मस्त ऊन आहे गं. शनिवारी सकाळी फोन करतो. तू हो म्हण, लगेच तिकीट काढतो." आजी गेली की परीक्षाही गेली, हे वसुंधरेला कुणी सांगायला नको होतं. पुढची परीक्षा थेट वर्षाने.

"वसू," आजी जेवताना म्हणायची, "त्यांना म्हणावं, भात निवतोय ताटात पडता पडता."

'ते' समोरच, हाताच्या अंतरावर बसलेले असत. पण जावयाशी सरळ बोलायचं, त्यातून उणं काढायचं, हे आजीच्या घराण्यात बसत नव्हतं. वसुंधरेचंही आईसमोर "अहो, ऐकलंत का?" चाले, एरवी ती त्याला अरेतुरेच करी.

गुरुनाथने निदान केलं ते असं. बॉयलरच्या काट्यावर पाण्याचा दाब दिसतो. तो दीडच्या आसपास हवा. अर्ध्याच्या खाली गेला की बॉयलर आपला आपण बंद होतो. "बीपी लो आहे," त्याने जाहीर केलं. खालची तोटी उघडून त्याने नळाचं पाणी आत घेतलं, काटा दीडवर आणला, बटण दाबलं. आत भक्क करून ज्योत पेटली. तासाभरात आजीने माकडटोपीची एक बाजू वर केली. दुसऱ्या दिवशी काटा पुन्हा तळाला.

"म्हणजे इंटर्नल ब्लीडिंग. कुठेतरी गळतंय."

मग गळतीचा शोध सुरू झाला. प्रत्येक रेडिएटरखाली वर्तमानपत्रं पसरली गेली. ती इतकी कोरडी राहिली की आजीने त्यातलं एक पान कोथिंबीर निवडायला घेतलं. मग गुरुनाथ ऑपरेशनची हिरवी टोपी घालून, टॉर्च घेऊन घराच्या लाकडी जमिनीखाली सरपटत शिरला. खालून त्याचा आवाज येई, "वसू, मी आता कुठे आहे?"

"आईच्या खाटेखाली!"

"इथे कोरडं ठणठणीत आहे!"

अर्ध्या तासाने तो टोपीभर, तोंडभर कोळ्याची जाळी घेऊन बाहेर आला. ऋग्वेदा भोकाड पसरून किंचाळली, "दॅट्स नॉट बाबा!"

"हेंकना विचारूया का?" वसुंधरा म्हणाली.

"त्यांना काय विचारायचंय? पाइप त्यांनी बसवले असतील, काटा मला कळतो."

वसुंधरा गप्प बसली. पण गप्प बसणं म्हणजे काही न करणं, असं तिच्या बाबतीत कधीच नव्हतं. फ्रीजवरच्या कॅलेंडरवर ती सकाळ-संध्याकाळ काट्याचा आकडा लिहू लागली. दुकानात आठ वर्षं तिने हेच केलं होतं: कुठलं औषध घेतल्यावर पेशंट बिघडतो, ते बघायचं.

मंगळवारी सकाळी दाब भरून गुरुनाथ हॉस्पिटलात गेला तो दोन दिवस ड्युटीवरच होता. मंगळवार संध्याकाळ, एक पूर्णांक चार. बुधवारी दोन्ही वेळा एक पूर्णांक चार. काटा जागचा हलला नाही. घर उबदार, आजी एका स्वेटरवर. बुधवारी दुपारी वसुंधरेने सलग तीन तास अभ्यास केला.

गुरुवारी दुपारी गुरुनाथ घरी आला. हात धुतले, पितळी किल्ली घेतली, बादली घेतली आणि रोजच्यासारखा रेडिएटरांच्या राउंडला निघाला. "हवा काढून ठेवतो," म्हणाला. वसुंधरा खिडकीशी भाजी चिरत होती. थोड्या वेळाने तिला तो मागच्या अंगणात दिसला. त्याने बादली लिंबाच्या झाडाच्या बुंध्याशी ओतली. पाणी काळं, शाईसारखं. तो परत आत गेला आणि दुसरी बादली घेऊन आला. ती जरा करडी होती. लिंबाखालची माती पार काळीठिक्कर झाली होती. हे काही आजचं काम नव्हतं.

सुरी खाली ठेवून ती लाँड्रीत गेली. काटा तळाला टेकला होता.

तिने दार लावून घेतलं आणि हेंक आजोबांना फोन केला. काळ्या बादल्यांचं सगळं सांगितलं. मग आजोबा हळूच म्हणाले, "दोन बादल्या? रोज?" आणि खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. ते हसत होते.

शुक्रवारी सकाळी पोहे वाढताना वसुंधरा म्हणाली, "गळती सापडली."

गुरुनाथचा चमचा हवेतच राहिला. "कुठे?"

"समोर बसलीय. पोहे खातीय."

आजीने पदर तोंडाला लावला.

"म्हणजे? मी फक्त हवा काढतो!"

"हवा एका मिनिटात निघते. मग पाण्याचा थेंब आला की किल्ली बंद करायची. तुम्ही बादली भरता."

"पण पाणी काळं येतं!" गुरुनाथ खरोखर दुखावला गेला. "घाण पाणी आत ठेवायचं? स्वच्छ येईपर्यंत सोडायला नको?"

तो मिरजेच्या घरात वाढला होता. घरातला पाइप जुना, गंजका. सकाळी पहिली बादली तांबडी यायची, ती झाडांना. दुसरी पिवळट, ती अंगण धुवायला. नितळ दिसू लागलं की मग हंडा लावायचा. हे काम लहान गुरुनाथचं. अजूनही तो ऑकलंडमध्ये पाणी पिण्याआधी नळ थोडा वेळ सोडून ठेवायचा, आणि ते वसुंधरेला कधी खटकलंही नव्हतं. तिच्या माहेरीही असंच होतं.

"ते पिण्याचं पाणी नाहीये," ती समजुतीने म्हणाली. "तेच तेच आत फिरतं. हेंक म्हणाले, काळंच असतं, काळंच चांगलं. तुम्ही ते काढता, मग नळाचं ताजं भरता. ताज्या पाण्यात हवा असते. ते तापलं की हवा सुटते, रेडिएटर गुडगुडतो. गुडगुडला की तुम्ही पुन्हा किल्ली घेऊन हजर!"

"वसू, मी डॉक्टर आहे. सर्क्युलेशन मला..."

"अरे, म्हणूनच विचारते!" आईसमोरचं 'अहो' कुठल्या कुठे गेलं. "पेशंटचं रक्त लाल येतंय म्हणून ते पांढरं होईपर्यंत काढतोस का?"

गुरुनाथने पोह्यांतला शेंगदाणा बराच वेळ चावला. मग उठला, लाँड्रीत गेला आणि दाब भरून आला.

संध्याकाळी हॉलमधला रेडिएटर गुडगुडला. सकाळच्या पाण्याची हवा. ती येणार हे हेंकनी सांगितलं होतंच. गुरुनाथ किल्ली घेऊन गुडघ्यांवर बसला. वसुंधरा स्वयंपाकघराच्या दारात, आजी समोरच्या खुर्चीत. फुस्स आवाज झाला, लांबला, बारीक झाला, आणि स्क्रूच्या तोंडाशी एक काळा थेंब उभा राहिला. गुरुनाथने थेंबाकडे पाहिलं. थेंब ओघळला, मागून दुसरा आला. त्याचा हात काही किल्ली फिरवेना. एवढं काळं पाणी डोळ्यांदेखत आत कोंडायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं होतं.

"गुरुनाथराव!" आजी खणखणीत म्हणाली. "थेंब आला. बंद करा."

लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि सासूबाई आज पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलल्या. तो इतका दचकला की किल्ली कशी फिरली ते त्यालाच कळलं नाही. बाकीच्या पाच रेडिएटरांपाशी आजी स्वतः त्याच्या मागोमाग गेली.

"थेंब. बंद."

"हो, आई."

"थेंब. बंद करा म्हटलं ना?"

"केलं, आई."

काटा एक पूर्णांक दोनवर थांबला. शनिवारी सकाळीही तिथेच होता. आजी उठली ती माकडटोपीशिवाय, आणि केस मोकळे सोडून रेडिएटरला पाठ लावून विंचरत बसली. नऊच्या सुमाराला अनिरुद्धचा फोन आला. वसुंधरेने रिसीव्हर आईच्या हातात दिला.

"नाही रे बाबा, आता कसली येते!" आजी म्हणाली. "वसूची परीक्षा व्हायचीय. आणि इथं घरात ऊब आहे की भरपूर... हो, हो, बिघडलं होतं. काही नाही, जावईबापूच फार मेहनत घेत होते. आता मी बघते तिकडं."

वसुंधरेने पुस्तकं उचलली आणि मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. पहिलं पान उलटलं असेल नसेल, तोच बाहेरून आवाज आला.

"गुरुनाथराव, बादली घेऊन कुठं?"

"गाडी धुवायला चाललोय, आई!"

"बरं. मग किल्ली इथं ठेवून जा."