बैठकीत बुडालेला गुरू

गुरू हा शब्द कानावर पडला तरी अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी विट्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे तो दर वर्षी पडतोच. सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह, त्याला पुष्कळ चंद्र, त्यांतले चार साध्या दुर्बिणीतून दिसतात, एवढं सांगून मी फळ्याकडे तोंड करतो. त्या ग्रहावर माझा राग नाही. तो बिचारा आपल्या वाटेनं चाललेला असतो.

आमच्या शाळेत एक चार इंची दुर्बीण होती. आली त्या दिवसापासून ती कपाटातच, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. बाहेर काढली तर पोरं फोडतील, असं मुख्याध्यापकांचं मत. दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागायचं, पण भिंगाला कुणाचा डोळा म्हणून लागला नव्हता. मी भांडलो. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर आवाज चढवला आणि ती दुर्बीण सही करून ताब्यात घेतली. तेव्हा मी स्वतःला मोठा शूर समजत होतो.

त्या फेब्रुवारीत चार दिवस गावी गेलो, तेव्हा ती बरोबर नेली. आमचं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. दिवेलागणीला मी अंगणात दुर्बीण मांडली आणि धाकट्या बहिणीला हाक मारली. गुरू डोक्यावरून जरासा कललेला होता. तिनं डोळा लावला आणि ठिपके मोजले. मग म्हणाली, चार म्हणालास आणि इथं तीनच आहेत. मी सांगितलं, चौथा मागं गेलाय, गुरूच्या सावलीत आहे, थोड्या वेळानं येईल. ती हसली. शाळेतली पोरंही अशीच हसतात, मास्तरांचं चुकलं की मास्तर असंच काहीतरी सांगतात म्हणून. पण ती तिथून हटली नाही. गुरू भिंगातून सरकत बाहेर जायचा, ती बोटानं नळी ढकलून त्याला परत आणायची. अर्ध्या तासानं तिनं माझा दंड धरला. गुरूच्या कडेपासून जरा लांब, कोऱ्या जागेत, एक बारीक ठिपका उमटला होता. आधी असल्यानसल्यासारखा, मग ठळक. सावलीतून तो बाहेर आला होता. इतकी खूश मी तिला फार कमी वेळा पाहिलेली आहे.

त्याच महिन्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा फौजेत, सरहद्दीवर. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, फोनवर बोलत होते, तिला तो मनापासून आवडला होता. सुपारी फुटली. त्याला मे महिन्यात महिनाभराची सुट्टी मंजूर झाली. पुढची सुट्टी कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, म्हणून याच सुट्टीत लग्न उरकायचं, असं दोन्हीकडून नक्की झालं. तारीख काढायला आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात बैठक बसली.

भटजींनी पंचांग उघडलं आणि मान हलवली. नेमक्या त्याच महिन्यात गुरूचा अस्त होता. वर्षातून एकदा गुरू आकाशात सूर्याच्या इतका जवळ दिसू लागतो की त्या उजेडात हरवून जातो, आणि महिन्याभरानं पहाटेकडं निघतो. आमच्याकडं त्याला गुरू बुडाला म्हणतात, आणि बुडालेल्या गुरूत लग्न लावत नाहीत. मुलाच्या चुलत्यांनी चुळबूळ केली. फौजी माणसाची सुट्टी आहे, काही वाट काढा, म्हणाले. तेव्हा भटजी माझ्याकडं वळले. "सर, तुम्ही विज्ञानाचे. तुम्हीच सांगा, गुरूचा अस्त खरा का खोटा?"

मी म्हणालो, "खरा."

बोललो ते खोटं नव्हतं. अस्त खराच असतो, पुस्तकातही आहे. पण त्याचा आणि माझ्या बहिणीच्या लग्नाचा काडीचा संबंध नाही, हे पुढचं वाक्य होतं, आणि ते माझ्या घशात राहिलं. आबा, म्हणजे आमचे वडील, समोर बसले होते, भावकी बसली होती. मुख्याध्यापकांवर ओरडणारा शूर माणूस मूग गिळून बसला. "बगा, मास्तरच म्हनत्यात खरा हाय," भावकीतला कुणीतरी म्हणाला, आणि लग्न पुढच्या सुट्टीवर गेलं. बहीण आतल्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला नाही, आत घेऊन गेली.

मला सर्वांत जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. बैठक उठल्यावर मी ते पंचांग सहज चाळलं. त्याच पंचांगात, दोन पानं पुढं, अडचणीच्या वेळेसाठी म्हणून अस्तातलेही मुहूर्त दिलेले होते. छापलेले, तारीखवार. भटजींनी पान उलटलं नव्हतं आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं. मी पंचांग घेऊन आबांकडं गेलो. आबा फौजेतूनच हवालदार म्हणून निवृत्त झालेले, त्यांचं स्वतःचं लग्न सुट्टीत घाईनं लागलेलं. सुट्टी म्हणजे काय हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले, तूच चारचौघांत खरा हाय म्हणून सांगितलंस, आता तूच मुहूर्त दाखवतोस व्हय.

मे उजाडला. पंचांगाप्रमाणं गुरू बुडाला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, शाळेला सुट्टी होती म्हणून मी गावातच होतो, बहीण म्हणाली, दुर्बीण घे आणि पठारावर चल. आबांनाही तिनंच उठवलं. का, कशाला, काही सांगितलं नाही. पठारावरून पश्चिमेचं आकाश मोकळं दिसतं. सूर्य पूर्ण खाली जाईपर्यंत मी नळीवरचं झाकण काढलं नाही. मग अंदाजानं शोधत राहिलो. ढग असते तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात येऊन गेलं, तेही इथं लिहितो. पण आकाश स्वच्छ होतं, आणि तांबूस उजेडात, डोंगराच्या रेघेच्या थोडं वर, गुरू सापडला. फिकट, थरथरणारा, पण गोल. त्याचे चंद्र त्या उजेडात दिसणं शक्य नव्हतं. बहिणीनं आधी पाहिलं आणि बाजूला झाली.

"आबा, बगा. बुडालाय का?"

आबा वाकले. गुरू दोनदा त्यांच्या डोळ्यासमोरून सरकून गेला, दोनदा तिनं नळी हलवून परत आणला. आबांनी नीट पाहिला. "न्हाई. हाय की," म्हणाले. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "पर बैठकीत बुडाला त्यो बुडाला. आता चार मानसांत सबूद फिरवू का?"

मी दुर्बीण पिशवीत भरत राहिलो. आबा दगडधोंड्यांतून एकटे पुढं उतरले. त्या महिन्यात मुलगा दोनदा आमच्या घरी येऊन गेला. सुट्टी संपल्यावर परत गेला.

दसरा झाल्यावर त्यांच्याकडून निरोप आला. मुलीला गुरुबळ कमी आहे असं त्यांच्याकडच्या भटजींनी सांगितलं, तेव्हा आपण थांबावं. त्याला आईच्या नात्यातली मुलगी पाहिल्याचं आम्हाला आधीच कळलेलं होतं. पण नकाराला कारण हवं, आणि आम्हीच त्यांना ते शिकवून ठेवलं होतं. आमचाच गुरू त्यांनी आमच्या दारात आणून टाकला. भांडायला जावं तर कुठल्या तोंडानं जाणार?

निरोप आणणारा माणूस चहा पिऊन गेला. आबा सोप्यात बसून होते. अंधार पडायला लागला होता. बहीण उंबऱ्याजवळ सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. आबांनी मला विचारलं, "आता कुटं असंल रं त्यो गुरू?"

मी माझ्या मास्तरकीच्या आवाजात सुरुवात केली, की आता तो रात्री पूर्वेकडून उगवतो, थोडं थांबलो तर दिसेल.

"त्यो कुटं गेलाच नव्हता, आबा," बहीण मान वर न करता म्हणाली. "बुडाला ह्यो."

तिनं सुपातला हात काढून माझ्याकडं दाखवलं आणि पुन्हा तांदूळ पाखडायला लागली.