हँडलवरचे हात

केसरीनाथचा हात फार लवकर उठायचा. त्याच्या गावात, पूर्ण्यात, हे लहान पोरालासुद्धा माहीत होतं. जाळं फाडलं म्हणून त्याने शाळेच्या वयात एकाचे पुढचे दोन दात पाडले. तरुणपणी कापडाच्या लूमवर ड्युटीला होता, तिथे मुकादमाने आईवरून शिवी दिली, तर हातातला लाकडी धोटा त्याच्या तोंडावर मारून चालता झाला तो परत त्या कारखान्याच्या दारात गेला नाही. काशी लग्न होऊन आली, तिलाही पहिल्या महिन्यातच कळलं. आमटीत मीठ जास्त झालं तर ती ताट ठेवून दोन पावलं मागे उभी राहायची. मारून झालं की तोच ओट्यावर जाऊन डोकं धरून बसायचा. पण मार खाणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

मग गोदामं आली. ज्या शेतात पावसाळ्यात गुडघाभर पाणी असायचं, त्याच्या रस्त्याकडच्या पट्ट्यासाठी माणसं गाड्या घेऊन दारात उभी राहू लागली. केसरीनाथ आणि धाकटा महादू या दोघांची वाटणी व्हायची होती आणि दोघांनाही रस्त्याकडचीच बाजू हवी होती. दोन हजार एक साली दिवाळीच्या आधी बांधावर बोलता बोलता शब्दाला शब्द लागला. महादू म्हणाला, "तू बापाला पन मारलं असतंस, तो लवकर गेला म्हनून वाचला." केसरीनाथने बांधावरचा दगड उचलला आणि घातला डोक्यात.

महादू वाचला. एकवीस टाके पडले, डावा कान कायमचा गेला. पोलीस आले तेव्हा बँडेजमधून बारीक आवाजात म्हणाला, "बांधावरून पाय घसरला." त्यानंतर त्याने अंगणात पुरुषभर उंचीची भिंत घातली आणि सात वर्षं भावाशी एक शब्द बोलला नाही.

ज्या दिवशी महादूला घरी आणलं, त्या दिवशी केसरीनाथ आपल्या सायकल दुकानातली एक जुनी सायकल काढून वज्रेश्वरीला गेला. रिक्षात बसायला भीती वाटली, कुणी काही बोललं तर काय होईल सांगता येत नव्हतं. पायऱ्या चढला, देवीपुढे नारळ धरला आणि म्हणाला, "आई, हा हात परत मानसावर उठला तर तूच मोडून घे. मी तक्रार करनार न्हाय." येताना अंबाडीच्या उतारावर त्याच्या लक्षात आलं, की सकाळपासून आपल्याला कुणाचाही राग आलेला नाही. दोन्ही हात हँडलवर होते. हँडलवरचे हात दुसरीकडे जात नाहीत, एवढीच साधी गोष्ट त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी कळली.

तेव्हापासून दर रविवारी सायकल. आधी नुसतं वज्रेश्वरीपर्यंत. मग वाट लांबत गेली. अंजूरफाट्यावरून खारबाव, डावीकडे खाडी, तिवरं आणि मिठागरं, उजवीकडे कामणचे डोंगर. पुढे वसईला समुद्र लागला की भुईगाव, कळंब करत सुरूच्या झाडांतून अर्नाळा. तिथून शिरसाडला हायवे ओलांडायचा आणि तानसा नदीच्या खोऱ्यातून पारोळमार्गे वज्रेश्वरी. देवीला हात जोडायचे आणि घरी. शंभरावर किलोमीटर व्हायचे. बहुतेक वाटेत पाणी डाव्या हाताला असायचं. "आई फेरी घालून घेते," असं तो काशीला सांगायचा. काशीला आधी खरं वाटलं नाही. पण ताट ठेवून मागे सरकायची तिची सवय हळूहळू मोडली, आणि सात वर्षांत तिच्या अंगाला एकदाही हात लागला नाही.

धामणकर नाक्यावर त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं. तिथे निजामपुऱ्यातले श्रीनाथ सर सायकल घेऊन यायचे. हायस्कुलात गणित शिकवायचे, डॉक्टरांनी साखर सांगितल्यापासून सायकल धरलेली. त्यांच्यासोबत त्यांची भाची निवेदिता, तहसील कचेरीत कारकून. दोघांनी रविवारची वाट ऐकली आणि तेही येऊ लागले. तोपर्यंत हृदयाची बायपास झालेल्या सरांना दम लागायचा, म्हणून केसरीनाथ पुढे जाऊन थांबायचा. एका रविवारी मामा-भाची खारबावच्या पुढच्या फाट्यावर चुकून खाडीकडे वळली आणि दोन तास तिवरांत फिरत राहिली.

"काका, वळणावर काहीतरी खूण करा ना," निवेदिता म्हणाली. "मामांच्या मागे फिरून माझे पाय चिखलात गेले."

"मी बरोबर होतो. रस्ता चुकला," सर म्हणाले.

केसरीनाथच्या घराकडे गावदेवीला शेंदूर लावायचा मान होता. पिढ्यान् पिढ्या. त्यामुळे घरात शेंदूर आणि तेलाची वाटी कायम. पावसाने जात नाही, लांबून दिसतो, पैसे पडत नाहीत. त्याने फाट्यावरचा नारळाएवढा गोल दगड उचलून वळणाच्या तोंडाशी नीट बसवला आणि त्याला शेंदूर फासला. आपण काय केलं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. दुसऱ्या माणसाने रंग लावला असता. शेंदूर घरात असलेला माणूसच ही चूक करू शकतो.

आठ दिवसांत कुणीतरी त्या दगडापुढे नारळ फोडला. मग झेंडूची माळ आली. त्या जागेचा मालक चांगदेव. (गावाचं नाव इथे लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथंच राहतात.) त्याच्या चुलत्याची जागा अशीच गेली होती. आधी रात्रीत एक देव बसला, मग पत्र्याची शेड, मग कोर्टात तारखा. रस्त्याकडच्या जागेत शेंदराचा दगड दिसला की तिथला माणूस आधी काठी शोधतो. त्यातून समजलं की लावणारा पूर्ण्याचा, ज्या गावाने गोदामांना सगळ्यात आधी जमिनी दिल्या.

दोन हजार नऊच्या जानेवारीतला रविवार होता. सकाळचे सात-साडेसात. फाट्यावर दहा-बारा जण काठ्या घेऊन उभे होते.

"हाच तो. देव बसवनारा," चांगदेव म्हणाला.

"अरं, वळनाची खून हाय ती," केसरीनाथ सायकलवरून उतरला. "ह्या सरांना रस्ता दिसावा म्हनून."

"शेंदराची खून? आनि नारळ कुनी फोडला? तुझ्या सायकलीनं?"

कुणीतरी हसलं आणि पहिली काठी पाठीत बसली. श्रीनाथ सर "ऐकून घ्या, ऐकून घ्या" म्हणत मध्ये आले. त्यांना कानाखाली बसली, चष्मा उडाला आणि कुणाच्या तरी चपलेखाली फुटला. निवेदिताला ढकललं, ती सायकलसकट चरात पडली. दुसरी काठी केसरीनाथच्या मांडीवर, तिसरी खांद्यावर. ओठ फुटून रक्त हनुवटीवरून खाली आलं. त्याने हात वर केले नाहीत. दोन्ही हातांनी हँडल धरून, डोकं खाली घालून तो उभा राहिला.

"काका, सोडा ती सायकल! पळा!" निवेदिता चरातून ओरडत होती.

तो सोडेना. त्याचा त्यांना आणखीच राग आला. मार खाणाऱ्याने ओरडावं, पळावं, निदान शिवी तरी द्यावी. एकाने डाव्या हातावर नेम धरून काठी घातली. हँडलवरच दोन बोटं मोडली, त्याचा आवाज सरांनाही ऐकू आला. चाक वाकलं, स्पोकचे तुकडे रस्त्यावर उडाले. तरी उजवा हात हँडलवर होताच.

शेवटी चांगदेवच दमला. "उचल तुझा देव," तो म्हणाला. "आमी हात लावनार न्हाय. तूच उचल आनि टाक खाडीत."

म्हणजे मघापासून माणूस मारायला हात भीत नव्हते, आणि शेंदूर लावलेल्या दगडाला हात लावायला बाराच्या बारा जण भीत होते.

केसरीनाथने हँडल सोडलं. वाकला. उजव्या हाताने दगड उचलून छातीशी धरला, मग खांद्यावर घेतला. काठ्या खाली आल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "चांग्या, माघारी हो. यानं सख्ख्या भावाचं डोकं फोडलंय." चांगदेव मागे सरला, चाकात पाय अडकला आणि उताणा पडला. त्याचं कपाळ केसरीनाथच्या पायापासून हातभर अंतरावर होतं. काठी दूर पडली होती.

दगडाचं वजन अगदी ओळखीचं होतं. तेवढंच. खांद्यात, कोपरात, मनगटात ते जुनं गरम गरम भरत गेलं. त्या सात वर्षांचं मधलं काहीच राहिलं नाही. नको म्हणायला कुणी नव्हतं. खाली कपाळ होतं आणि हातात दगड होता, आणि त्याला तो टाकायचा होता. मनापासून टाकायचा होता. हे त्याने नंतर देवीसमोरही लपवलं नाही.

"आई," तो मोठ्याने म्हणाला. चांगदेवला वाटलं आता संपलं, त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले.

केसरीनाथ वळला. लंगडत बांधावरून खाली उतरला, मांडीभर चिखलात गेला. दगड स्वतःच्या कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. शेंदराचा एक तवंग वर आला, ओहोटीबरोबर लांबत गेला. बाहेर आला तेव्हा फाट्यावर सर आणि निवेदिता दोघंच होती.

संध्याकाळी हाताला प्लास्टर घालून तो ओट्यावर बसला होता. काशी हळद घातलेलं दूध घेऊन आली तेवढ्यात अंगणातल्या भिंतीला वळसा घालून महादू आला. हातात कोयता. काशीने पेला खाली ठेवला.

"कोन व्हतं?" महादूने विचारलं. सात वर्षांतला पहिला शब्द.

"बस," केसरीनाथ म्हणाला.

"बसायला न्हाय आलो. नावं सांग. दहा मानसं जमवलीत, टेम्पो उभा हाय."

"मी बांधावरून घसरलो."

महादूचं तोंड काळंनिळं झालं. कोयत्याचा दांडा त्याने इतका आवळला की बोटं पांढरी पडली. "सर आले व्हते माझ्याकडं. नावं सोडून समदं सांगितलं. दगड हातात व्हता तुझ्या, तो मारनारा खाली पडला व्हता. आनि तू सोडलंस."

"सोडलं."

"परक्याला सोडलंस!" महादू किंचाळला. कोयता त्याने ओट्याच्या खांबात घातला, चार बोटं आत गेला. "तुझी बोटं मोडनाऱ्याला सोडलंस! मी काय केलं व्हतं रं? मी नुसता बोललो व्हतो! मना का न्हाय सोडलंस?"

कोयता थरथरत होता. पलीकडे महादूची बायको पिंपावर चढून भिंतीवरून बघत होती. काशीने पदर तोंडाला लावला. केसरीनाथने जे सांगायचं ते सगळं देवीलाच सांगितलं होतं. डोकं ज्याचं फुटलं होतं, तो भिंतीपलीकडे दहा पावलांवर होता आणि त्याच्याकडे जायला सात वर्षांत सायकल कधी वळली नव्हती.

तो खाली बघून पुटपुटला.

"काय?" महादू म्हणाला. "त्या बाजूला बोललास. त्या कानानं येत न्हाय."

केसरीनाथ एका हाताचा आधार घेत उठला. भावाच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. इतक्या जवळून टाक्यांची रेघ दिसत होती, केसांतून कानामागे उतरलेली.

"चुकलो," तो म्हणाला. "मी चुकलो, महादू."

महादूने मान भिंतीकडे केली.

"मोठ्यानं बोल," तो म्हणाला. "तिकडं ती उभी हाय भिंतीपाशी. तिला पन ऐकू जाऊ दे."

केसरीनाथने भिंतीकडे तोंड केलं आणि तेच पुन्हा मोठ्याने म्हणाला.