मेलेल्या पेशींबाहेरची रेघ

आमची सूनबाई दवाखान्याच्या लॅबमध्ये एक यंत्र चालवते. मी गावच्या शाळेत सातवी झालेला, पण तिने ते मला एकदाच समजावलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला धरून समजावतो. पेशींना रंग लावतात, मग त्या एकीमागून एक लेझरच्या उजेडातून जातात. प्रत्येकीचा पडद्यावर एक ठिपका. रक्ताचा कर्करोग कुठल्या घराण्याच्या पेशींचा, हे ठिपक्यांच्या घोळक्यावरून कळतं, आणि घराणं कळल्याशिवाय औषध ठरत नाही. घोळक्याभोवती रेघ मात्र माणसालाच ओढावी लागते.

त्या दिवशी मी नेहमीसारखा डबा घेऊन गेलो, तर यंत्रावर तिच्या पाठच्या भावाचा नमुना. नळदुरुस्ती करणारा पोरगा, दोन महिने ताप अंगावर काढलेला.

डॉक्टर म्हणाले, "हा तुम्ही नका करू."

"मग कोण करणार? मोठ्या बाई रजेवर आहेत."

ती खुर्ची ओढून बसली. डोळे कोरडेच. पडद्यावर दोन घराण्यांचे रंग एकदम दिसत होते. तसं खरंच असेल तर उपचार अवघड, हे तिने मला दूध आणायला सांगावं तशा आवाजात सांगितलं. पण नमुना रात्रभर वॉर्डातच राहिलेला, बऱ्याच पेशी मेलेल्या. मेलेली पेशी कुठलाही रंग धरते म्हणे. तिने रेघ ओढून मेलेल्या बाहेर काढल्या. दुसरा रंग गेला. एकच घराणं उरलं.

मी खूश. ती मात्र माउसवरचा हात काढून बसली.

"बाबा, ही रेघ मी ओढली की त्याच्या बहिणीने?"

मी डबा तिच्यापुढे सरकवला.

तिने रेघ पुसली. नाव न घालता नुसता नंबर टाकून फाइल मोठ्या बाईंना घरी पाठवली. लॅबमध्ये त्यांना सगळे फूटपट्टी म्हणतात. उत्तर येईपर्यंत तिने डबा खाल्ला, चव न घेता. मी आमच्या मास्तरांची म्हैस शाळेत शिरली तो किस्सा सांगितला. ती नको तिथे हसली.

फोन वाजला. "दाढ काढून आलेय मी, बोलवत नाहीये. मेलेल्या आधी बाहेर काढ. काढल्यास की बाकीच्या सगळ्या एकाच घराण्यातल्या. एवढंही जमत नाही का आता? कोणाचा आहे नमुना?"

"एका नळवाल्याचा."

तिने रेघ पुन्हा ओढली, अगदी पहिल्यासारखी. मग रिपोर्ट पाठवला.

आम्ही वॉर्डात गेलो तेव्हा तिच्या भावाला सलाइन लावलेलं होतं.

"ताई, काय निघालं?"

"एकच निघालं."

"म्हणजे चांगलं ना?"

"म्हणजे औषध ठरलं."

त्याने मान हलवली आणि कोपऱ्यातल्या बेसिनकडे हनुवटी केली. "तो नळ सकाळपासून ठिबकतोय. वॉशर गेलाय. सांग कुणाला तरी."

"सांगते," म्हणाली, आणि त्याच्या पायाशी बसून राहिली. सांगायला काही उठली नाही. शेवटी मीच गेलो.